आमची वाटचाल: फायर डोअर बसवण्यापासून तपासण्यापर्यंत

आमची सुरुवात सुतारकामातली. ऑफिसच्या इमारतींत दारं-चौकटी बसवायचो. पुढे फायर डोअरची, म्हणजे आग आणि धूर ठरावीक वेळ रोखून धरणाऱ्या दारांची, कामं मिळू लागली आणि एक गोष्ट खटकत राहिली. बसवताना चोख असलेलं दार वापरात हळूहळू निकामी होतं आणि ते कुणाच्या गावीही नसतं. त्यातूनच तपासणीचं काम सुरू केलं.

दारं आग रोखायला पुरेशी आहेत का असं विचारलं, की बहुतेक जण पल्ल्याच्या कडेचं लेबल दाखवतात: ६० मिनिटं, १२० मिनिटं, म्हणजे दार किती वेळ आग रोखेल. पण तो आकडा भट्टीत तपासलेल्या अख्ख्या जोडणीचा असतो. पल्ला, चौकट, बिजागऱ्या, लॅच, काच, सगळं त्यात आलं. मागाहून कुणी दुसरं कुलूप बसवायला पल्ला कोरला, तर त्या आकड्यावर विसंबता येत नाही.

आम्ही आधी दार थोडंसं उघडून सोडून देतो. क्लोजरने, म्हणजे दार ओढून लावणाऱ्या यंत्रणेने, ते आपोआप चौकटीत जाऊन लॅच खटकन बसला पाहिजे. जिन्याच्या दारांचं घोडं इथेच अडतं. एसीच्या हवेचा दाब उलटा येतो आणि दार दोन बोटं उघडं राहतं. तेवढ्या जागेतून जिन्यात धूर भरतो, आणि आगीत माणसं बहुधा धुरानेच दगावतात. मग फटी मोजतो. बाजूंना आणि वर साधारण ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. कडेला बसवलेली, उष्णतेने फुगणारी पट्टी तेवढी फट बुजवते, फार रुंद फट तिला पेलत नाही. शेवटी शिडी लावून फॉल्स सीलिंगच्या वर डोकावतो. केबल ओढायला भिंतीला पाडलेलं भगदाड तिथे उघडंच असेल, तर खालचं भारीतलं दार असून नसल्यासारखं.

पाचर लावून दार उघडं ठेवणाऱ्यांवर आम्ही ओरडत नाही. सामानाची ने-आण असते, त्यांची अडचण खरी आहे. तिथे अलार्म वाजताच दार सोडून देणारं चुंबकी होल्डर सुचवतो.

जिथे तपासतो तिथे दारं विकायची नाहीत, हा नियम आम्ही स्वतःला घालून घेतला. कमाईला तो जड गेला, पण त्यामुळेच आमचा अहवाल लोक विश्वासाने वाचतात. बऱ्याचदा क्लोजरचा स्क्रू पिळून आणि झिजलेली बिजागरी बदलून भागतं. हल्ली देखभालीच्या माणसांनाही सोबत फिरवतो, म्हणजे आम्ही नसताना दर महिन्याची फेरी त्यांना मारता येईल.