गोव्याच्या जेवणाबरोबर पिएमोन्तेची वाईन: बारोलो नको, आधी बार्बेरा

इटलीच्या वायव्य कोपऱ्यातल्या पिएमोन्तेचा विषय निघाला की सगळे बारोलो या रेड वाईनचंच नाव घेतात. मग गोव्यात पहिली बाटली घेतली जाते तीही बारोलोची, आणि ती उघडली जाते बांगड्याच्या हुमणाबरोबर. एवढे पैसे मोजून तोंड तुरट होतं, वर लोखंड चाटल्यासारखी चव जिभेवर रेंगाळते. वाईन चांगलीच असते, चुकते ती जोडी.

बारोलो आणि बार्बारेस्को या दोन्ही वाईन निव्वळ नेब्बिओलो या द्राक्षाच्या. त्याचा रंग फिकट. ग्लासात पाहून पाणी घातलंय की काय असं वाटतं, पण आंबटपणा आणि टॅनिन दोन्ही भरपूर. तोंड कोरडं करणारा तुरटपणा येतो तो या टॅनिनमुळे, कारण ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं. मटणाची चरबी ते मऊ करते, मिरची मात्र आणखी टोकदार करते. त्यात बारोलोला किमान १३ टक्के अल्कोहोल लागतं आणि प्रत्यक्षात ते बहुधा १४ च्या आसपास असतं, म्हणजे तिखटाची आग वाढणारच. बांगडा, तारली अशा तेलकट मासळीबरोबर तर रेड वाईनमधलं लोहही आड येतं. माशाच्या तेलाशी त्याची गाठ पडली की तो उग्र वास उठतो.

नेब्बिओलोला कोंब लवकर फुटतात, पण ते पिकतं फार उशिरा, साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर. म्हणून पिएमोन्तेतल्या लांगे भागातल्या टेकड्यांवर दक्षिणेकडे तोंड असलेले उबदार उतार त्याला दिले जातात. उरलेल्या जागेत बार्बेरा हे दुसरं लाल द्राक्ष, आणि सगळ्यात थंड किंवा उंचावरच्या तुकड्यात लवकर पिकणारं दोल्चेत्तो. बार्बेराला दुय्यम मानण्याची सवय इथूनच लागली. १९८६ साली इटलीत मिथेनॉल मिसळलेल्या वाईनने माणसं दगावली, तेव्हा स्वस्त बार्बेराचं नाव आणखी खराब झालं. पण त्याआधीच, १९८२ च्या पिकापासून, जाकोमो बोलोन्या या वाईन उत्पादकाने बार्बेरा लहान ओक पिंपांत मुरवून तिची ताकद दाखवून दिली होती. आज बार्बेरा द'आस्तीला २००८ पासून डीओसीजीचा, म्हणजे इटलीतला सर्वांत वरचा, दर्जा आहे.

आपल्या ताटाला बार्बेरा का चालते? टॅनिन कमी, आंबटपणा जास्त. जेवण वाईनपेक्षा आंबट असेल तर वाईन पाणचट लागते. विंदालूतलं व्हिनेगर किंवा कोकम-चिंचेची आमटी यांच्यासमोर बहुतेक रेड वाईन अशाच पडतात, बार्बेरा मात्र टिकते. मटणाच्या शागुतीत भाजलेलं खोबरं आणि चरबी असते, तिथे हा आंबटपणा जीभ स्वच्छ करत जातो. घेताना एकच बघा: ओक पिंपात न मुरवलेली, तरुण बाटली हवी. ओकचं टॅनिन आलं की पुन्हा मिरचीशी भांडण सुरू. दोल्चेत्तोचा रंग गडद असला तरी आंबटपणा कमी, त्यामुळे कोकमापुढे तिचा निभाव लागत नाही.

मासळीला व्हाईटच. रवा लावून तळलेल्या विसवणाला, म्हणजे सुरमईला, कोर्तेझे द्राक्षाची 'गावी' नावाची वाईन, कारण ती लिंबासारखी धारदार असते. नारळाच्या रसातल्या सुंगटांना, म्हणजे कोळंबीला, रोएरो भागातली आर्नेइस द्राक्षाची वाईन, ती जरा मऊ आणि भरीव. दोन्ही ८ ते १० अंशांवर.

आता तापमान. रेड वाईन 'रूम टेम्परेचरला' प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा, आपल्या ३० अंशांतल्या खोलीचा नव्हे. गरम रेड वाईनमधून नुसतं अल्कोहोल नाकात जातं आणि फळांचा वास मरतो. बार्बेरा १४ ते १६ अंशांवर हवी, बारोलो १६ ते १८ वर. ३० अंशांची बाटली फ्रिजमध्ये १७ वर यायला दीड-दोन तास लागतात. बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घालून मानेपर्यंत बुडवली तर दहा-बारा मिनिटं पुरतात. नुसता बर्फ घालू नका. मधल्या फटींत हवा राहते आणि वेळ दुप्पट लागतो. ग्लासात एका वेळी १०० मिलीच ओता, कारण आपल्याकडे ती बघता बघता गरम होते.

दुकानात बाटली उचलल्यावर बूच बघा. बूच वर सरकलेलं असेल किंवा वेष्टनाखाली चिकट ओघळ असेल, तर ती उन्हात किंवा गरम गोदामात तापलेली आहे. परत ठेवा. पावसाळ्यात लेबलावर बुरशी आली तर मात्र घाबरायचं कारण नाही. घरी फ्रिजच्या माथ्यावर किंवा स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवण्यापेक्षा काही महिने सरळ फ्रिजच्या आत ठेवणं केव्हाही बरं.

बारोलो प्यायचीच असेल तर बेत वेगळा करा: पावसाळ्यातली अळमी (रानटी मशरूम) कांदा-लोण्यात परतून, मिरची जवळजवळ नाहीच, किंवा साधं भाजलेलं मटण. पिंपातले किमान १८ महिने धरून ३८ महिने मुरल्याशिवाय ती बाजारात येत नाही, तरी तरुण बाटली दोन-तीन तास आधी डिकँटरमध्ये, म्हणजे वाईनला हवा लागावी म्हणून वापरतात त्या काचेच्या सुरईत, ओतावी लागते. डिकँटर थंड पाण्याच्या भांड्यात ठेवा, नाहीतर तेवढ्या वेळात वाईन खोलीइतकी तापते. जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करा, गाळ तळाशी बसतो.

पिएमोन्तेच्याच मोस्कातो द'आस्ती या गोड वाईनला विसरू नका. थंड करून आंबवणं मध्येच थांबवतात, म्हणून अल्कोहोल जेमतेम ५ टक्के आणि साखर बरीच उरते. ६ ते ८ अंशांवर, मानकुराद आंब्याच्या फोडींबरोबर ती फार सुरेख लागते. बेबिंका या थरांच्या गोड पदार्थाबरोबर नको, तिथे ती फिकी पडते. लेबलावरचं साल बघूनच घ्या. ही ताजी प्यायची वाईन, दोन वर्षांहून जुनी असेल तर दुसरी मागा.