दारामागचे सहा आकडे

आमच्या मैदानावर साहित्याची एक खोली आहे. तिच्या दाराच्या आतल्या बाजूला मी खडूने सहा आकडे लिहून ठेवलेत. पावसाळ्यात दार ओल धरतं, आकडे पुसट होतात, मग मी पुन्हा गिरवते. ८३.९४, ८५.२८, ८५.४६, ८६.७४, ८६.६८, ८६.६२.

३० ऑगस्ट १९८६, श्टुटगार्ट, युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा. सोव्हिएत संघाच्या युरी सेदिखच्या या सहा फेकी, मीटरमध्ये. चौथी फेक आजही हातोडाफेकीचा जागतिक विक्रम आहे. नवीन पोरं आली की त्यांचं बोट थेट तिच्यावर जातं. मी त्यांना पुढचे दोन आकडे मोठ्याने वाचायला लावते.

कारण माझ्यासाठी खरी गोष्ट तिथे आहे. मी विद्यापीठासाठी चार किलोचा हॅमर, म्हणजे तारेच्या टोकाचा धातूचा गोळा, टाकायचे. माझी आयुष्यातली सगळ्यात लांब फेक पडली, त्या दिवशी पुढच्या दोन्ही फेकी जाळीत गेल्या. हात थरथरायचे थांबेनात. सेदिखने विक्रम केला, पुन्हा रिंगमध्ये आला आणि आणखी दोनदा जवळजवळ तेवढंच फेकलं. तीन फेकींमधला फरक बारा सेंटिमीटर. अर्धी वीत! पुरुषांचा सव्वासात किलोचा गोळा सुटताना ताशी शंभर किलोमीटरच्या वर असतो, तीनशे किलोहून जास्त ओढ हातांवर येते, आणि हे सगळं सात फुटी वर्तुळात.

तो अख्खा मोसमच तसा होता. २२ जूनला तालिनमध्ये सेदिखने ८६.६६ टाकून स्वतःचाच ८६.३४चा विक्रम मोडला होता. हा जुना विक्रम १९८४मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कचा. मग ३ जुलैला ड्रेस्डेनमध्ये सर्गेई लित्विनोवने ८६.०४ टाकला. दोघांचा देश एक, पण पद्धत वेगळी. गोळा सोडण्याआधी लित्विनोव चार टर्न, म्हणजे गिरक्या, घ्यायचा, सेदिख तीनच. श्टुटगार्टला लित्विनोवची फेक ८५.७४ होती आणि तो दुसरा आला. आजवरच्या कुठल्याही ऑलिंपिकमध्ये या फेकीला सुवर्ण मिळालं असतं. अधिकृत यादीत ८५ मीटरपुढे अजूनही हे दोघेच आहेत.

सेदिखचा व्हिडिओ मी मुलांना गोळा न बघता पाय बघायला सांगून दाखवते. दोन्ही पाय जमिनीवर असतात तेव्हाच हॅमरला वेग देता येतो. एका पायावर असताना फक्त त्याच्याबरोबर फिरायचं. सेदिखचा उजवा पाय इतका लवकर खाली येतो की गोळ्याला वेग द्यायला त्याला जास्त वेळ मिळतो. घाई कुठे दिसतच नाही. खांदे सैल, हात दोरीसारखे लांब. आमची पोरं दंडाच्या जोरावर ओढायला जातात आणि गोळा आखूड वर्तुळात फिरतो. हे एक सुधारायला मला वर्ष वर्ष लागतं.

मोठी मुलं उत्तेजकांबद्दल विचारतात. विचारायलाच हवं. स्पर्धा नसताना अचानक होणारी चाचणी तेव्हा आजच्यासारखी नव्हती, त्यामुळे त्या काळातल्या फेकींवर संशयाची सावली आहे आणि मी ती मुलांपासून लपवत नाही. सेदिखचा विक्रम रद्द झालेला नाही. बेलारूसच्या इवान तिखानची २००५मधली ८६.७३ची फेक मात्र यादीतून काढली गेली. विक्रमाला फक्त एक सेंटिमीटर कमी होती ती.

सेदिखचे गुरू अनातोली बोंदारचुक स्वतः १९७२चे ऑलिंपिक विजेते. १९७६ला माँट्रियलमध्ये शिष्याने सुवर्ण जिंकलं आणि त्याच स्पर्धेत गुरूंनी कांस्य. पुढे ते कॅनडातल्या कॅमलूप्सला गेले. तिथे त्यांच्या हाताखाली गोळाफेकपटू डिलन आर्मस्ट्राँग तयार झाला आणि आज आर्मस्ट्राँग हातोडाफेकपटू ईथन कॅट्झबर्गला शिकवतो. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकला कॅट्झबर्गची फेक ८४.१२, दुसरा थेट ७९.९७वर! २०२५च्या सप्टेंबरात टोकियोच्या जागतिक स्पर्धेत ८४.७०, वयाच्या तेविसाव्या वर्षी. विक्रमाला दोन मीटर चार सेंटिमीटर कमी. सेदिख २०२१मध्ये गेला, लित्विनोव त्याआधी तीन वर्षं. कॅट्झबर्गची फेक त्या दोघांनी बघायला हवी होती, असं मला फार वाटतं.

परवा आमच्या एका मुलीने चौथ्या प्रयत्नात स्वतःची सर्वोत्तम फेक टाकली. मी टेप धरून गप्प राहिले, आकडा सांगितलाच नाही. तिने हातमोज्याची पट्टी पुन्हा आवळली आणि पाचवी टाकली, सहावी टाकली. पावसाने काळी माती लोण्यासारखी झालेली, गोळा पार आत रुतलेला. खुरपं घेऊन आम्ही दोघी उकरत बसलो, तेव्हा तिने मागे वळून बघितलं.

"मॅडम, तिन्ही खड्डे जवळजवळच आहेत ना?"

होते.