दुसरी वाट

बाबा कुठल्याही नव्या जागी गेले की आधी मागचं दार शोधतात. बालगंधर्वला नाटक असो, लक्ष्मी रोडवरचं कपड्यांचं दुकान असो, नाहीतर कोणाचं नवं घर. चहा पुढ्यात यायच्या आत प्रश्न येतो, "दुसरा रस्ता कुठून हाय?" गेल्या वर्षी पुतणीच्या लग्नात कार्यालयाच्या मागच्या दाराला कुलूप होतं आणि दारासमोर खुर्च्यांची चळत. बाबा सत्त्याहत्तर वर्षांचे. ते व्यवस्थापकापुढे उभे राहिले आणि किल्ली येईपर्यंत हलले नाहीत. मंगलाष्टकांच्या आधी कुलूप निघालं. तेव्हा पाहुण्यांसमोर मला संकोच वाटला होता. आता त्या संकोचाचीच लाज वाटते.

बाबा बल्लारपूरच्या बाजूला कोळशाच्या खाणीत होते, वेकोलि म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीच्या. १९७४ साली लागले, सरदार झाले, पुढे ओव्हरमन, म्हणजे खाली काम करणाऱ्यांवर देखरेख ठेवणारे. निवृत्त झाल्यावर पुण्यात आमच्याकडे आले, त्याला सतरा वर्षं झाली. खाणीबद्दल स्वतःहून फारसं बोलत नाहीत. १९७५च्या डिसेंबरात धनबादजवळच्या चासनाल्याला खाणीत पाणी घुसून ३७५ माणसं गेली, तेव्हा मी पाच-सहा वर्षांची होते. क्वार्टरच्या ओट्यावर शेजारच्या बाया रेडिओभोवती बसलेल्या आठवतात. सेकंड शिफ्टवरून बाबा परत येईपर्यंत आई उंबऱ्यातच होती.

माझी लेक न्यूकॅसलला शिकायला गेली. तिच्या पदवीदानाला मी गेले, तेव्हा निघताना बाबांनी एकच काम सांगितलं, "हार्टलीला जाऊन ये." मला वाटलं कोणी ओळखीचं असेल तिथं. मग त्यांनी सांगितलं. खाणीच्या परीक्षेसाठी अभ्यास करताना त्यांना शिकवलं होतं की प्रत्येक खाणीला बाहेर पडायच्या दोन वाटा हव्यात. का हव्यात, तर इंग्लंडातल्या हार्टली नावाच्या गावामुळे. नियम पाठ झाला, गावाचं नाव डोक्यात राहिलं.

न्यू हार्टली न्यूकॅसलच्या ईशान्येला, समुद्राजवळ. गाव छोटं आहे आणि उभं राहिलं तेच कोळशासाठी. जवळची जुनी खाण पाण्यानं बुडाली म्हणून १८४५ साली नवी चानक, म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर, खोदायला घेतली. तिचं नाव हेस्टर पिट. खोली साधारण ६०० फूट, रुंदी फक्त १२ फूट, आणि ही एकच. मधोमध वरपासून खालपर्यंत लाकडी फळ्यांची भिंत उभी करून तिचे दोन भाग केले होते. एका भागातून ताजी हवा खाली जायची, दुसऱ्यातून तापलेली, खराब हवा वर यायची. माणसं, कोळसा, पाण्याचे पाइप, सगळं त्या १२ फुटांतच. दुसरी चानक खणायची तर तेवढाच पैसा पुन्हा ओतावा लागला असता, म्हणून त्या काळात असंच चालायचं. बाबांना हे फोनवर वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फळीची भिंत? हवेसाठी?"

खाणीत पाणी फार. ते उपसायला वाफेचं अवाढव्य इंजिन बसवलं होतं आणि त्याची ओतीव लोखंडाची तुळई चानकीच्या तोंडावर खालीवर हलायची. वजन ४२ टन. गुरुवार, १६ जानेवारी १८६२, सकाळी साडेदहाची वेळ. शिफ्ट बदलत होती, म्हणजे दोन्ही पाळ्यांची माणसं खाली. डोलीतून, म्हणजे माणसं वरखाली नेणाऱ्या पिंजऱ्यातून, आठ जण वर येत होते. तुळई मधोमध तुटली आणि वीसेक टनांचा तुकडा चानकीत पडला. जाताना फळ्यांची भिंत, लाकडं, दगड सगळं घेऊन गेला. डोलीतले पाच जण गेले. बाकीच्यांचा एकमेव रस्ता वरून बुजला होता.

खाली १९९ माणसं आणि मुलं जिवंत होती.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते हेच. पडझडीत ती मेली नाहीत. पंप बंद पडल्यावर पाणी चढणार हे ओळखून कोळशाच्या खालच्या थरातून वरच्या थरात आली आणि चानकीजवळ थांबली. वर विल्यम कूल्सन नावाचा डरहॅमकडचा नावाजलेला चानक खोदणारा आगगाडीतून चालला होता. हार्टली स्टेशनवर त्याला उतरवून घेतलं आणि त्यानं बचावाचं काम हाती घेतलं. पण १२ फुटांत किती माणसं उतरणार? अडकलेला राडारोडा तुकड्या-तुकड्यानं काढायचा, वरून सैल दगड सुटत राहणार, आणि खाली हवा फिरायची थांबलेली. कार्बन मोनॉक्साइड साचत होता. कूल्सनच्या माणसांनाही त्याची बाधा झाली.

रस्ता मोकळा व्हायला सहा दिवस लागले. आत पोचले तेव्हा सगळे गेलेले होते. रांगेनं बसलेले, काही मुलं बापाच्या खांद्यावर डोकं टेकलेली. एकाच्या खिशात छोटी वही सापडली. शुक्रवारी दुपारी पावणेदोनला आम्ही प्रार्थना केली, अडीचला अमुक अमुक फार आजारी पडले, असं नावांसकट लिहिलेलं. म्हणजे दुर्घटनेनंतर एक दिवस उलटून गेला तरी माणसं शुद्धीवर होती, वेळ बघत होती, नोंद करत होती. बाबाही शिफ्ट संपताना असंच लिहायचे: कुठल्या गाळ्यात किती माणसं, कुठं छत वाजतंय, कुठं गॅस. त्या वहीपाशी येऊन मी वाचायची थांबले. पुढचं दुसऱ्या दिवशी वाचलं.

एकूण २०४ गेले. राणी व्हिक्टोरियाचा नवरा जाऊन जेमतेम महिना झाला होता, तरी तिनं गावाकडे निरोप पाठवून चौकशी केली. २६ जानेवारीला, रविवारी, चार मैलांवरच्या अर्सडनच्या चर्चच्या आवारात दफन झालं. जागा पुरेना म्हणून लगतची जमीन नॉर्दम्बरलंडच्या ड्यूकनं दिली.

मी आणि लेक आधी गावात गेलो. चानकीचं तोंड कायमचं बंद करून भोवती स्मृतिबाग केली आहे. समोरच्या घरांत माणसं राहतात, कोणीतरी कुत्र्याला फिरवत होतं. मग अर्सडन. चर्चच्या आवारात दगडी स्तंभ आहे, त्यावर सगळ्यांची नावं आणि वयं कोरलेली. एकच आडनाव पुन्हा पुन्हा येतं: बाप, मुलगा, दुसरा मुलगा. वयं वाचताना लेक मध्येच बोलायची थांबली. दहा वर्षांखालच्या मुलांना खाली न्यायला १८४२च्या कायद्यानं बंदी होती. त्याहून जेमतेम मोठी मुलं इथं आहेत.

त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, ब्रिटिश संसदेनं कायदा केला. प्रत्येक कोळसा खाणीला किमान दोन वाटा, आणि दोन्हींमध्ये निदान १० फूट मूळ खडक. फळ्या चालणार नाहीत. नव्या खाणींना लगेच, जुन्यांना दोन-अडीच वर्षांची मुदत. दोन वाटांचा हा नियम आपल्याकडच्या खाण नियमांतही आहे आणि माझे बाबा चौतीस वर्षं त्याच्या भरवशावर खाली उतरले. आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक घरातला माणूस उतरला.

पुण्यात परतल्यावर बाबांना फोटो दाखवले. स्तंभाचा फोटो त्यांनी मोठा करून करून वाचला, वयांचा आकडा आला की बोट थांबायचं. चष्मा काढून म्हणाले, "हे लेकरं आमच्यासाठी गेले व."

आमच्या इमारतीला दोन जिने आहेत. मागच्यावर कोणाची जुनी कपाटं, गाद्या, सायकली, गणपतीच्या सजावटीचे थर्माकोल. बाबा तीन वर्षं प्रत्येक सभेत उठून बोलतात, लोक मान हलवतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. गेल्या रविवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर गेले. चौथ्या मजल्यापासून सुरुवात केली. आधी प्रत्येक दार वाजवून विचारायचं, हे तुमचं का, आणि आत घ्यायला हात लावायचा. दुपारपर्यंत दुसऱ्या मजल्यापर्यंत आलो. खालचं कपाट दोघांना हलेना. येत्या रविवारी लेकाला बोलावलंय.