ओकोटोक्सचा मोठा धोंडा: कॅलगरीहून अर्ध्या दिवसाची सहल

कॅनडातील कॅलगरीला मुलाबाळांकडे जाऊन राहणाऱ्या आमच्या वयाच्या मराठी मंडळींचा फिरण्याचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. बॅन्फ, लेक लुईस, जमल्यास आइसफील्ड्स पार्कवेने जास्परपर्यंत, आणि मग उरलेले दिवस नातवंडे, मॉल व भारतीय किराणा दुकान यांत जातात. गेल्या जून महिन्यात त्या उरलेल्या दिवसांपैकी एक दुपार आम्ही ओकोटोक्स गावाजवळच्या ‘बिग रॉक’साठी राखून ठेवली. मी निवृत्त भूगोलशिक्षक असल्यामुळे हा हट्ट माझाच होता, हे सांगायला नको. “सह्याद्री सोडून एवढ्या लांब आलो ते धोंडा पाहायला?” असे सौभाग्यवतींनी विचारले, आणि त्यावर तेव्हा तरी माझ्याकडे उत्तर नव्हते.

ओकोटोक्स हे गाव कॅलगरीच्या हद्दीपासून दक्षिणेला साधारण १८ किलोमीटरवर, शीप नदीच्या काठी वसलेले आहे. गावातून ७ क्रमांकाच्या महामार्गाने पश्चिमेकडे, म्हणजे रॉकी पर्वताच्या दिशेने निघाले की सुमारे सात किलोमीटरवर उजव्या हाताला हा धोंडा लागतो. तेथवर सार्वजनिक बस जात नाही, त्यामुळे स्वतःची किंवा भाड्याची मोटार हवीच. फोनच्या नकाशात मात्र नुसते ‘बिग रॉक’ असे लिहू नये, कारण या धोंड्याचे नाव घेतलेली एक ब्रूअरी कॅलगरी शहरातच आहे. जावईबापूंनी घाईत पहिलाच पर्याय निवडल्यामुळे आमची पहिली वीस मिनिटे तिकडे जाण्यात खर्ची पडली. ‘ओकोटोक्स इरॅटिक’ (इरॅटिक म्हणजे हिमनदीने दुरून आणून टाकलेला धोंडा) असे लिहिल्यास हा घोटाळा होत नाही.

दुरून डोंगर साजरे म्हणतात, येथे त्याच्या उलट अनुभव येतो. मोटारीतून पाहताना सपाट, हिरव्या शेतात कोणी तरी राडारोडा ओतून ठेवला असावा असेच वाटते. मागे पश्चिमेला बर्फाची टोके दिसत असल्यामुळे धोंडा आणखीच खुजा भासतो. ज्याने लहानपणापासून दख्खनचा कातळ पाहिला आहे, ज्याच्या गावात शाळेच्या पायरीपासून मारुतीच्या पारापर्यंत सगळे दगडाचेच आहे, त्याला आधी यात काही विशेष वाटत नाही. यासाठी माझा पहिला सल्ला असा की, धोंड्याकडे पाहण्यापूर्वी भोवतालच्या जमिनीकडे पाहावे. गवत, माती, पुन्हा गवत. मुठीएवढा दगडही सहजी सापडत नाही, आणि जमिनीखालचा मूळ खडक आहे तो मऊ वाळूचा आणि चिखलाचा. अशा ठिकाणी हा एकटा धोंडा ४१ मीटर लांब, १८ मीटर रुंद आणि ९ मीटर उंच आहे. म्हणजे साडेतीन एसटी गाड्या एकामागे एक उभ्या कराव्यात आणि त्यांना तीन मजली इमारतीएवढी उंची द्यावी, असा त्याचा आकार होतो. त्याचे वजन सुमारे १६,५०० टन मानले जाते.

वाहनतळापासून पाऊलवाट सपाट आणि थोड्याच अंतराची आहे. माझ्या गुडघ्यांनी तक्रार केली नाही, यावरून वाचकांनी अंदाज बांधावा. जवळ गेल्यावर तो एक धोंडा नसून एकमेकांना टेकलेले दोन प्रचंड तुकडे आणि त्यांच्या पायाशी पडलेले लहान तुकडे आहेत, हे लक्षात येते. रंग फिकट गुलाबी, मधूनच राखाडी आणि जांभळट. हा क्वार्टझाइट आहे. पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचलेली वाळू दाबाने आणि उष्णतेने इतकी घट्ट झाली की आता तिचे कण वेगळे ओळखता येत नाहीत. गारगोटी हातात धरल्यावर जो गार, काहीसा तेलकट स्पर्श जाणवतो, तसाच या खडकाचा आहे. जवळून पाहिल्यास वाळूचे मूळ थर अजूनही पट्ट्यांच्या रूपाने दिसतात, फक्त ते आडवे नसून धोंडा पडला त्या कलाने तिरपे झालेले आहेत.

हा खडक जेथला आहे ते ठिकाण जास्पर राष्ट्रीय उद्यानात, माउंट एडिथ कॅव्हेलच्या परिसरात आहे. सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक भरते. हिमयुगाच्या शेवटच्या टप्प्यात तेथे दरड कोसळली आणि तिचे दगड खाली दरीतून सरकत असलेल्या हिमनदीच्या पाठीवर पडले. ती हिमनदी अथाबास्का नदीच्या खोऱ्यातून पूर्वेकडे, मैदानाच्या दिशेने निघाली, पण मैदानावर आधीच ईशान्येकडून आलेला, कॅनडाचा मोठा भाग व्यापणारा बर्फाचा थर होता. समोरून वाट अडल्यामुळे पर्वताचा बर्फ आग्नेयेकडे वळला आणि डोंगरपायथ्याला धरून दक्षिणेकडे सरकत राहिला. नंतर, सुमारे १८,००० ते १०,००० वर्षांपूर्वीच्या काळात, बर्फ वितळला आणि पाठीवरचे ओझे जेथल्या तेथे जमिनीवर उतरले. त्यामुळे ओकोटोक्सचा धोंडा एकटा नाही. त्याच जातीच्या हजारो धोंड्यांची एक लांबलचक माळ अथाबास्काच्या खोऱ्यापासून अमेरिकेच्या सीमेच्या दिशेने साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक पसरलेली आहे. तिचे सविस्तर वर्णन भूवैज्ञानिक स्टॉकर यांनी १९५६ साली प्रसिद्ध केले. माळ इतकी अरुंद का, हा प्रश्न मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत रंजक वाटतो. पाण्याच्या प्रवाहात पडलेली वस्तू इकडेतिकडे वाहते, मिसळते. बर्फ तसा मिसळत नाही. दरडीचे दगड बर्फाच्या ज्या पट्ट्यावर पडले त्याच पट्ट्यावर शेवटपर्यंत राहिले, आणि आज शेतांतून विखुरलेले धोंडे नकाशावर मांडले की दोन बर्फ जेथे एकमेकांना भिडले होते तो सांधाच जणू कागदावर उमटतो.

आता दुसरा सल्ला, आणि माझ्या मते हाच महत्त्वाचा: धोंड्याच्या कडा पाहाव्यात. हिमनदीच्या तळाशी सापडलेला दगड खालच्या खडकावर घासला जातो, त्याचे कोपरे झिजतात, अंगावर समांतर ओरखडे उठतात. ओकोटोक्सच्या धोंड्याचे कोपरे मात्र धारदार आहेत, भेगा सरळ आहेत. एखाद्या ठिकाणी तर नुकतीच सुरुंग लावून फोडलेली खाण पाहत आहोत असा भास होतो. हा दगड बर्फाखालून रखडत आलेला नाही, बर्फावर बसून आला आहे, याचा पुरावा तेथे हातभर अंतरावर उघडा पडलेला आहे. ज्यांना तळाशी रगडल्या गेलेल्या खडकाचा नमुना पाहायचा असेल त्यांनी भारतात परतल्यावर आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातील इरई येथील चुनखडकावरचे ओरखडे आठवावेत. ते हिमयुग फारच जुने, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे आहे, पण बर्फाची घासण्याची रीत तीच आहे.

याच कारणाने सहलींचा क्रमही विचारपूर्वक ठरवावा, असे मी सुचवीन. आधी आइसफील्ड्स पार्कवेने जाऊन अथाबास्का हिमनदी पाहावी, तिच्या कडेला साचलेले दगडांचे ढीग पाहावेत, शक्य असल्यास जास्परजवळ माउंट एडिथ कॅव्हेलही पाहावा, आणि मग ओकोटोक्सला यावे. आम्ही योगायोगाने याच क्रमाने गेलो होतो. हिमनदीवर “केवढी ही घाण!” म्हणून ज्या दगडमातीला सौभाग्यवतींनी नाक मुरडले होते, तिचेच हे मोठे भावंड आहे, हे त्यांना येथे न सांगता कळले.

ब्लॅकफूट या येथल्या मूळ रहिवासी लोकांना हा दगड शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून परिचित होता. गावाचे नावही त्यांच्या भाषेतील खडकावाचक शब्दावरून आलेले आहे. त्यांची कथा अशी सांगतात: उकाड्याच्या दिवशी नापी, म्हणजे त्यांच्या कथांतला खोडकर नायक, या धोंड्यावर विसावला आणि उपकाराच्या बदल्यात त्याने आपले पांघरूण धोंड्याला देऊन टाकले. पुढे हवा फिरली, पाऊस आला आणि नापीने दिलेले दान परत मागितले. धोंड्याने नकार देताच त्याने ते हिसकावून घेतले व पळ काढला. मागे गडगडाट झाला म्हणून पाहतो तो धोंडा त्याच्या पाठीवर गडगडत येत होता. बायसन, हरीण असे मित्र मदतीला धावले आणि चिरडले गेले. शेवटी वटवाघळांनी झेपा घेऊन धडका दिल्या तेव्हा धोंडा दुभंगून जागच्या जागी थांबला, आणि तेव्हापासून वटवाघळाचे नाक चपटे झाले. दोन तुकड्यांमधली भेग समोर असताना ही कथा ऐकण्याची गोडी वेगळी आहे. शिवाय धोंडा मूळचा येथला नाही, तो कोठून तरी चालून आला आहे, हे या कथेने अचूक हेरलेले आहे. कथा गाडीत बसून नव्हे, त्या भेगेसमोर उभे राहून मुलांना सांगावी.

हे स्थान ब्लॅकफूट समाजाला पवित्र आहे, आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस अल्बर्टा प्रांताच्या सरकारने त्याला ऐतिहासिक स्थळ म्हणून संरक्षणही दिले आहे. खडकावर गेरूने काढलेल्या जुन्या चित्रांच्या पुसट खुणा आहेत. त्यामुळे वर चढू नये, दगडावर काही लिहू नये, तुकडे उचलून आणू नयेत. आम्ही गेलो तेव्हा चार तरुण वर बसून फोटो काढत होते. त्यांना कोणी हटकले नाही, तरी आपण त्यांचे अनुकरण करण्याचे कारण नाही. खडक गुळगुळीत आहे आणि सुटे तुकडे निसटतात, तेव्हा स्वतःच्या हाडांसाठीही खाली राहणे शहाणपणाचे आहे.

व्यवहाराच्या काही गोष्टी. प्रवेशाला शुल्क नाही. सावली नाही, दुकान नाही, म्हणून पाणी, टोपी आणि खाऊ ओकोटोक्सहूनच घ्यावा व प्रसाधनगृहाचे कामही गावातच उरकून घ्यावे. वारा हा तेथला कायमचा रहिवासी आहे. जूनमध्येही आम्हाला स्वेटर लागला, आणि छत्री उघडण्याचा माझा प्रयत्न अर्ध्या मिनिटात आटोपला. गवतात खारीसारख्या प्राण्यांची बिळे असतात, त्यांत पाय मुरगळू नये म्हणून वाटेवरूनच चालावे आणि चपलांऐवजी बूट घालावेत. हिवाळ्यात वाट घसरडी होते, तेव्हा मे ते ऑक्टोबर हा काळ ज्येष्ठांना बरा. दुपारच्या उन्हात खडकाचा गुलाबी रंग उडालेला दिसतो. जूनमध्ये सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे लवकर जेवून सात-आठ वाजता पोहोचले तरी तासभर निवांत मिळतो आणि पश्चिमेच्या बाजूला थरांचे पट्टे स्पष्ट उठून दिसतात. परतताना अंधार पडला तर महामार्गावर हरणे आडवी येतात, गाडी बेताने हाकावी.

ज्यांना ओकोटोक्सपर्यंत जाणे जमणार नाही त्यांच्यासाठी कॅलगरी शहरातच, नोज हिल पार्कमध्ये, हिमनदीनेच आणून टाकलेली एक लहान शिळा आहे. हे उद्यान सुमारे ११ चौरस किलोमीटरचे असून त्यात शिरायच्या वाटा अनेक आहेत, म्हणून नकाशावर ‘रबिंग स्टोन हिल’ आधी शोधून ठेवावे. झाडे नसलेल्या या मैदानात बायसनांना अंग खाजवायला दुसरे काही नव्हते. हिवाळ्याची लोकर झडताना ते पिढ्यान्‌पिढ्या या दगडाला घासत राहिले. येथले कळप १८८०च्या सुमारास नाहीसे झाले, तरी त्यांनी घासून झिजवलेल्या दगडाच्या कडा अजून तशाच आहेत. ओकोटोक्सच्या धारदार कोपऱ्यांवरून फिरवलेला हात दुसऱ्या दिवशी येथे ठेवला तेव्हा, माझ्या कमरेपासून छातीपर्यंतच्या पट्ट्यात दगड देवळाच्या उंबऱ्यासारखा गुळगुळीत लागला, आणि त्याच्या वर पुन्हा खरखरीत.