बांधावरची सायकल : नोव्हेंबर ते मे

दिवाळीत जे ठरवले होते त्यातले निम्मे झाले. सायकलने डिचोलीहून निघायचे, नार्वे, मांडवीतले दिवाडी बेट करत जुने गोवे गाठायचे आणि दुसऱ्या वाटेने परत यायचे, तेही मोटारींच्या पायात न येता. आजवर एकोणीस फेऱ्या मारल्या. नकाशात पक्की बसलेली वाट ३४ किलोमीटर, आणि त्यातली मोटार चालूच शकणार नाही अशी ११. अकरा वाचून कोणाला हसू आले तर हसा. पण सायकलसाठी आखलेला रस्ता शोधत बसलो असतो तर तेवढेही हाती लागले नसते.

पहिले काही आठवडे मी रस्त्यांच्या नकाशात बारीक रेघा शोधत होतो. बारीक रेघ म्हणजे कमी गाड्या, असा हिशेब. तो साफ चुकला. शनिवार-रविवारी भाड्याच्या गाड्या नेमक्या त्याच रेघेवर येतात, कारण तिथेच माड आहेत, शेत आहे आणि फोटो चांगला येतो. मग एका संध्याकाळी रस्ते सोडून नदीचे काठ मोठे करून पाहिले, तेव्हा शेत आणि खाडी यांच्या मधोमध जाणारी एक मळकट रेघ दिसली. कुठे तुटलेली, कुठे झाडीत बुडालेली, पण मैलभर चालणारी. खाजनाचा बांध.

गोव्याबाहेरच्यांसाठी थोडे सांगतो. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली, खाडीकडून मिळवलेली जमीन. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर आहे. चिखल, पेंढा आणि चिऱ्याचे दगड यांचा बांध खारे पाणी बाहेर अडवतो. बांधात जागोजागी मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरती आली की पाण्याच्याच रेट्याने झडप मिटते, ओहोटी लागली की आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. पावसाळ्यात भात, कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे, आणि भात निघाले की मासळी. बांध राखायचे काम गावकरीचे, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेचे. पोर्तुगीज १५१० साली आले तेव्हा ही व्यवस्था जुनीच होती. १५२६ च्या फोरालात, म्हणजे सनदेत, त्यांनी गावकरीचे रिवाज फक्त लिहून घेतले. थोडक्यात, हा रस्ता रस्ता म्हणून बांधलेलाच नाही. माथ्यावरून माणूस चालतो, ते बांध कुठे झिरपतोय हे पाहायला.

आता वाट. मये ओलांडून नार्व्याला उतरलो की सप्तकोटेश्वर. हे कदंबांचे कुलदैवत. मूळ देऊळ पलीकडे दिवाडीवर होते. १५४० च्या सुमारास ते पाडले गेले आणि लिंग नदीच्या या तीरावर आणले. आजचे देऊळ शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६६८ साली, शके १५९० मध्ये उभे राहू लागले. दारावरचा शिलालेख तसे सांगतो. हे सगळे शाळेपासून पाठ होते. पण सायकल घेऊन फेरीबोटीत उभा राहिलो तेव्हा कुठे डोक्यात शिरले, की हे पाणी म्हणजे त्या काळची सरहद्द. दिवाडी पोर्तुगीजांची, आणि डिचोली त्यांच्या हाती गेली ती थेट १७८१ मध्ये. देव पळवून नेला म्हणतात, तो नेला एवढाच. चहा निवण्याआधी पार होणारे अंतर.

दिवाडीला अजून पूल नाही, म्हणून तिथे मोटारी नाहीत असे समजू नका. त्या फेरीतून येतात. मात्र त्या येतात गठ्ठ्याने, आणि हे एकदा कळले की बेट आपलेच. फेरी धक्क्याला लागली की घाई करायची नाही. कडेला थांबायचे, पाण्याचे दोन घोट घ्यायचे, सगळ्या गाड्या पुढे जाऊ द्यायच्या. पाचेक मिनिटांत त्या पांगतात आणि पुढची फेरी येईपर्यंत रस्त्यावर फक्त बगळे आणि गुरे. मी तीन महिने फेरीतून पहिला उतरत होतो आणि मग सगळे हॉर्न पाठीवर घेत होतो. हीच युक्ती चोडण–रायबंदर फेरीमार्गावरही चालते, पण २०२५ मध्ये तिथे रो-रो, म्हणजे जास्त गाड्या मावणाऱ्या, बोटी आल्यापासून गठ्ठा मोठा झाला आहे, तेव्हा थांबाही थोडा जास्त धरा. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी मात्र दिवाडीवर सायकल काढू नका. बोंदेरां हा झेंड्यांचा उत्सव असतो, त्या दिवशी चालायलाही जागा नसते.

दिवाडीवरच्या जुन्या नार्व्याला कोटितीर्थाचे तळे अजून आहे. चिऱ्याच्या पायऱ्या, मधे गवत, आणि मी गेलो त्या सकाळी एकही माणूस नाही. तिथून पुढे शेतात उतरलो की कोकण रेल्वे डोक्यावरून जाते. बेटावर स्टेशन नाही, त्यामुळे गाडी नुसती धडधडत निघून जाते आणि मग आधीपेक्षा जास्त शांत वाटते.

बांधावर जायचे तर घड्याळाआधी पंचांग पाहा. आमच्याकडे जुनी माणसे तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या आसपास, अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, म्हणून तक्ताही पाहतो, पण रविवारी जायचे की नाही हे ठरवायला पाऊणकी पुरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधाचे सखल तुकडे ओले होतात आणि वर चिकट, गुळगुळीत थर बसतो. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत माथा कोरडा राहतो. अष्टमीच्या आसपासची सकाळ माझ्या मते सगळ्यात चांगली. ओहोटीला फेरीच्या धक्क्याचा खालचा उतार उघडा पडतो, त्यावर शेवाळ असते. तिथे सायकलवर बसून उतरायचे धाडस मी एकदाच केले. कोपराला अजून खूण आहे.

डिसेंबरात जुवे बेटावर गेलो, माशेलकडून. सांत इस्तेव म्हणा किंवा जुवे. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री संभाजी महाराजांच्या माणसांनी ओहोटी साधून इथला किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय, कोंद द आल्व्होर, स्वतः चालून आला आणि जखमी होऊन परतला. त्या धामधुमीत महाराजांचा घोडा पाण्यात वाहू लागला आणि खंडो बल्लाळांनी त्यांना वाचवले, असे सांगतात. वर टेकडीवरून खाली पाहिले की पाणी कुठून चढते आणि चिखल कुठे उघडा पडतो हे स्पष्ट दिसते. मोहीम पंचांग पाहूनच आखली असणार, असे माझे आपले मत. दम लागलेल्या सायकलवाल्याचे मत, तेवढीच त्याची किंमत.

जवळच कुंभारजुव्याचा कालवा, मांडवी आणि जुवारी यांना जोडणारा. त्यात मगरी आहेत, खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या. गंमत नाही करत. दुर्भाट-बोरीकडे पौष अमावास्येला बांधाजवळ मातीची मगर घडवून पुजतात, मांगें थापणी म्हणतात तिला. त्या बाजूच्या बांधावर मी काठाला टेकून डबा खात नाही.

जानेवारीतला अपघात सांगून टाकतो, कारण तो कोणाच्याही वाट्याला येईल. मानशीवरून जायला आडव्या फळ्या असतात असे मी धरून चाललो होतो. त्या मानशीवर त्या उभ्या होत्या, माझ्याच दिशेने. पुढचे चाक दोन फळ्यांच्या फटीत बसले, सायकल जागीच थांबली आणि मी पुढे गेलो. खाली ओहोटीचे पाणी घळाळून बाहेर पडत होते. मी फळीवरच पडलो, पण मोबाइल गेला. रिमला वळ आला, तीन आरे सैल झाले. तेव्हापासून मानस दिसली की उतरतो. एक चांगले झाले: पालथा पडल्यावर नाकासमोर उदाची, म्हणजे पाणमांजराची, विष्ठा दिसली, वाळलेली, सगळी माशांच्या खवल्यांची, उन्हात अभ्रकासारखी चमकणारी. इतके महिने त्याच बांधावरून जात होतो, खाली बघितले नव्हते.

सायकलबद्दल फार नाही. जुनी २६ इंची, पोलादी फ्रेम, पुढे एकच चकती. टायर २.१, हवा ३० पीएसआय; यापेक्षा जास्त भरली तर चिऱ्यांवर दात वाजतात. खाऱ्या चिखलातून आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुतली नाही तर तिसऱ्या दिवशी साखळीला तांबेरा. तेल रात्री, पुसणे सकाळी.

आता मुख्य गोष्ट. मागच्या नोंदीत मी बांधावरच्या ज्या चार किलोमीटरच्या तुकड्याचे कौतुक केले होते, तो मी नकाशातून काढला आहे. कृपा करून विचारू नका, ट्रॅकही देणार नाही.

झाले असे. मेच्या पहिल्या आठवड्यात वळवाची एक सर येऊन गेली होती, आणि मी दुसऱ्याच सकाळी तिथे गेलो. बांध मऊ होता, टायर बोटभर रुतत होते, मजा येत होती. मानशीपाशी एक म्हातारे शेतकरी बसले होते, नेहमी हात करणारे. त्या दिवशी त्यांनी हात केला नाही. "बाबा, हांगा येवन पळय," म्हणाले, म्हणजे इथे येऊन बघ. मी परतून त्यांच्याजवळ गेलो. माझ्या चाकोरीत पाणी साचले होते आणि उताराच्या बाजूला एके ठिकाणी ते कडेवरून ओघळू लागले होते. ओघळ करंगळीएवढा. त्याच्या तोंडाशी माती विरघळून शेताच्या अंगाला पडत होती. त्यांनी टाच रोवून चाकोरी मोडली, मूठभर चिखल थापला आणि पुढच्या जागी गेले. तिथेही टाच. चार महिन्यांचा पाऊस त्या ओघळातून गेला की काय होते, हे त्यांनी सांगितले नाही. खालच्या अंगाला फुटलेल्या बांधाचे खाजन दिसतच होते: भाताच्या जागी खारफुटी आणि पाणी.

मी सायकल आडवी ठेवली आणि उरलेल्या चाकोऱ्या मोडल्या. सव्वा तास लागला. मजा करत आलो होतो तेव्हा बारा मिनिटे लागली होती.

तर सध्याची यादी अशी. नार्वे–दिवाडी–जुने गोवे चालू, पण बांधाचे तुकडे फक्त कोरड्या मातीवर. बोट दाबून खड्डा पडला तर रस्त्याने जा. जुव्याची वाट चालू. तो चार किलोमीटरचा तुकडा नाही. बांधावर जायच्या आधी शेतात जो कोणी असेल त्याला विचारा, न विचारता सगळ्यात जास्त वेळा गेलेला मीच आहे. जूनपासून सगळे बांध बंद, माझ्यापुरते तरी. पावसात चोडण–मये डांबरी रस्ता पहाटेचा करून पाहणार आहे, पहिल्या फेरीच्या आधी. पुढची नोंद भात कापून झाल्यावर.