अर्थ कळल्याशिवाय लिहू नकोस

दावा भिंतीचा होता. दोन सख्खे चुलतभाऊ, मधे एक सामाईक भिंत आणि वर्षानुवर्षं चाललेलं भांडण. साहेब निकाल सांगत होते, मी लिहून घेत होते. दुपारचे साडेतीन वाजले असतील. "सबब पूर्वेकडील भिंत वादीच्या मालकीची…" असं ते म्हणाले आणि माझी पेन्सिल थांबली. त्याआधी चार पानं ते पश्चिमेच्या भिंतीबद्दल बोलत होते.

"साहेब, पूर्वेची की पश्चिमेची?"

त्यांनी नकाशा पुढे ओढला, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ नकाशावर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "पश्चिमेची. बरं झालं मॅडम, थांबलात."

त्या दिवसानंतर आमच्यात एक रीत पडून गेली. माझी पेन्सिल कागदावरून उचलली गेली की साहेब आपोआप थांबायचे, मागचं वाक्य मनात फिरवायचे. कधी चूक सापडायची, कधी नाही. पण थांबायचे.

मी ३१ वर्षं स्टेनो होते. तालुक्याच्या कोर्टात लागले, जिल्ह्याच्या कोर्टातून निवृत्त झाले. लघुलेखन ज्यांनी केलेलं नाही त्यांना वाटतं, की हा नुसता हाताच्या वेगाचा खेळ आहे. वेग लागतोच. पण पिटमनच्या पद्धतीत तीच रेघ बारीक काढली तर 'प' आणि जाड काढली तर 'ब'. भराभर लिहिताना स्वर बहुतेक गाळलेले असतात, आणि खूण ओळीच्या वर आहे, ओळीवर आहे की ओळ कापून गेली आहे, यावरून पहिला स्वर ओळखायचा असतो. त्यामुळे ऐकताना अर्थ लागला नसेल, तर संध्याकाळी टाईप करायला बसल्यावर आपणच काढलेल्या रेघा आपल्याला परक्या वाटतात. डोकं बाजूला ठेवून घेतलेलं डिक्टेशन वाचता येत नाही, हे प्रत्येक स्टेनोला पहिल्या सहा महिन्यांत कळतं.

म्हणून व्यास आणि गणपती यांची गोष्ट मी लहानपणी ऐकली एक आणि नोकरी लागल्यावर ऐकली दुसरीच.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. महाभारत व्यासांच्या मनात तयार आहे, पण ते लिहून घेणारं पृथ्वीवर कोणी नाही. ब्रह्मदेव गणपतीचं नाव सुचवतात. गणपती येतो आणि आधी अट सांगतो: माझी लेखणी क्षणभरही थांबता कामा नये, तसं असेल तरच मी लेखक होईन. व्यास त्यावर आपली अट घालतात: 'अबुद्ध्वा मा लिख क्वचित्'. अर्थ कळल्याशिवाय कुठेही लिहू नकोस. गणपती 'ॐ' म्हणतो आणि काम सुरू होतं. मधूनमधून व्यास मुद्दाम एखादा गाठीचा श्लोक टाकतात. असे ८,८०० श्लोक आहेत, ते मला कळतात, शुकाला कळतात, संजयाला कळतात की नाही कोण जाणे, असं व्यास त्याच कथेत म्हणतात.

आपण कीर्तनात ही गोष्ट ऐकतो तेव्हा व्यासांच्या चतुराईला दाद देतो. मला मात्र तिच्यातली पुढची एक ओळ फार मोलाची वाटते: 'सर्वज्ञोऽपि गणेशो यत् क्षणमास्ते विचारयन्'. सर्वज्ञ असूनही गणेश क्षणभर विचार करत थांबला, आणि तेवढ्यात व्यासांनी आणखी पुष्कळ श्लोक रचले.

'सर्वज्ञोऽपि' या एका शब्दावर मी कितीतरी वेळ अडकून बसले आहे. जो सगळं जाणतो त्याला थांबायची गरज काय? मला असं वाटतं, की जाणणं आणि लिहून घेताना समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या श्लोकाच्या कर्त्याला पक्कं माहीत होतं. कुरुक्षेत्रावर काय घडलं हे गणपतीला ठाऊकच होतं. व्यासांनी ते कोणत्या शब्दांत, कोणत्या क्रमाने आणि काय मनात धरून सांगितलं, ते त्याला ऐकावं लागलं. त्या क्षणी देव श्रोता झाला. आणि माणसाला, ज्याला दम लागतो, तहान लागते, पुढचा शब्द शोधावा लागतो, त्याला श्वास घ्यायला जागा मिळाली.

माणूस आणि माणूस नसलेलं कोणीतरी मिळून एक काम करतात, अशा कथांमध्ये मला हेच सगळ्यात आधी बघावंसं वाटतं. दोघांचे वेग सारखे नसतात. मग ते एकमेकांच्या वेगाला कसे बांधले जातात? इथे दोन अटींनी बांधले गेले. गणपतीची अट माणसाला पळवते, व्यासांची अट देवाला थांबवते. यातली एक काढून टाका, कथा कोसळते. पहिली नसेल तर व्यास आरामात सांगत बसतील आणि गणपती साधा कारकून उरेल. दुसरी नसेल तर गणपती हा नुसता वेग उरेल.

वेताळ आणि विक्रमाचंही असंच आहे. बोललास तर मी परत झाडावर जाणार, आणि उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर तुझ्या डोक्याची शकलं होतील. ती गोष्ट आपण पंचवीस वेळा ऐकतो, ती राजाच्या पाठीवर प्रेत आहे म्हणून नाही, तर या अटींमुळे.

आता एक गोष्ट सांगते, ती कळली तेव्हा मला आधी वाईट वाटलं होतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. काम १९१९ मध्ये सुरू झालं, १९२५ पासून वि. स. सुखटणकर प्रमुख संपादक होते, आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झालं आणि सगळं काम १९६६ मध्ये. देशभरातल्या हस्तलिखितांचे पाठ एकमेकांशी ताडून पाहिले गेले. त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत गणपतीची ही कथा नाही. ती मागाहून घातलेली आहे असं ठरलं आणि परिशिष्टात गेली.

वाईट वाटणं फार दिवस टिकलं नाही. उलट माझ्या मनाने एक घेतलं, ते अजून सुटलेलं नाही. ही कथा कोणी घातली असेल? माझ्यापुरतं उत्तर आहे: एखाद्या लेखनिकाने. भूर्जपत्रावर किंवा ताडपत्रावर दुसऱ्याचे शब्द उतरवत आयुष्य घालवलेल्या कोणीतरी. दुसऱ्याचं बोलणं लिहून घेताना हात थांबतो कसा आणि कशासाठी थांबतो, हे ज्याने भोगलंय त्यालाच 'क्षणमास्ते विचारयन्' सुचेल. याला पुरावा काही नाही, आणि अभ्यासकांनी माझं ऐकावं असा आग्रहही नाही. पण त्या माणसाचा हात मला ओळखीचा वाटतो.

बदरीनाथला गेलो तेव्हा मी हट्टाने माणा गावी गेले. बदरीनाथपासून ते तीनेक किलोमीटरवर आहे. तिथे व्यास गुंफा आहे आणि तिच्या खालच्या अंगाला गणेश गुंफा. व्यास गुंफेच्या वरचा खडक असा थरांचा आहे, की एकावर एक पानं रचलेली पोथीच वाटावी. बरोबरच्या बायका दर्शन घेऊन चहाला गेल्या. मी दोन्ही गुंफांमधल्या चढावर उभी राहिले. सांगणारा वर, लिहिणारा खाली. मधे अंतर. गावाच्या पुढे भीमपुलाखाली सरस्वती नदी कड्यातून इतक्या जोराने कोसळते, की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. त्या आवाजाने लिहिण्यात अडथळा येत होता म्हणून नदीला गप्प केलं, अशी गोष्ट तिथे सांगतात. ही गोष्टही कामाच्या माणसाने रचलेली वाटते. खिडकीखाली ट्रक सुरू करून ठेवणाऱ्या ड्रायव्हरला आमचे शिपाईही असंच गप्प करायला जात.

पण आपल्याकडे आणखी एक जोडी आहे, आणि तिथे अटी लागू पडत नाहीत. कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले याची यादीच जनाबाईच्या नावावरच्या एका अभंगात आहे. ज्ञानेश्वरांचे चिदानंदबाबांनी, निवृत्तीचे सोपानाने, मुक्ताईचे ज्ञानदेवाने, सावता माळ्याचे काशिबा गुरवाने, चोखामेळ्याचे अनंतभट्टाने. एकेक नाव वाचत गेलं, की सगळी माणसं. गुरव, कासार, भट. आणि शेवटी: नामयाच्या जनीचे पांडुरंगाने.

दासीचं म्हणणं लिहून घ्यायला त्या काळात कोण बसणार होतं? त्या यादीत एक जागा रिकामी राहणार होती, ती देवाने भरली. हा अभंग वाचताना दर वेळी माझा गळा दाटून येतो. इथे विठ्ठल लेखणीचा वेग सांगत नाही. तो जनीबरोबर दळायला बसतो, शेण्या वेचू लागतो आणि मग लिहितो. आधी तिच्या कामाला हात लावायचा, मगच तिच्या शब्दांना. अट नाही असं मी म्हटलं खरं, पण अट आहे, फक्त ती बोलून दाखवलेली नाही: जिचं लिहायचं तिचं जातं ओढल्याशिवाय लिहायचं नाही. व्यासांचीच अट, जरा खाली बसून पाळलेली.

हे सगळं आत्ता डोक्यात घोळतंय, कारण दिवाळीपासून मी एक कथा लिहितेय. तिच्यात एक म्हातारी आहे आणि एक कावळा. म्हातारीला आपल्या आयुष्याची हकिकत सांगून ठेवायची आहे, लिहिता येत नाही. कावळा रोज सकाळी मागच्या दाराच्या कठड्यावर येतो आणि ती सांगेल ते ध्यानात ठेवतो. पहिला खर्डा मी एका संपादकांना दाखवला. त्यांनी परत दिला आणि एवढंच म्हणाले, "ताई, हा कावळा सगळ्याला हो म्हणतो."

ते बरोबर होतं. मी कावळा घेतला होता आणि त्याच्या जागी टेपरेकॉर्डर ठेवला असता तरी चाललं असतं. इतकी वर्षं पेन्सिल उचलण्याचं मोल जाणणाऱ्या मला माझ्याच लेखनिकाला थांबण्याचा हक्क द्यायचं सुचलं नव्हतं, याची टोचणी बरेच दिवस राहिली.

मग आठवला तो घाट. वडिलांच्या दहाव्याला आम्ही सगळे उन्हात उभे होतो. पिंड ठेवलेला, कावळे झाडावर बसलेले, एकही खाली येईना. काका म्हणाले, धाकटीचं शिक्षण पूर्ण करू. कावळा आला नाही. आत्या म्हणाली, वहिनीला अंतर देणार नाही. नाही आला. शेवटी माझा भाऊ पुढे झाला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "नाना, ती उसनवारी मी फेडतो." त्या उसनवारीबद्दल आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. कावळा उतरला.

कावळ्याची अट तर आपल्या घराघरात आधीपासून आहे. मला ती नव्याने शोधायची गरजच नव्हती.

दुसऱ्या खर्ड्यात म्हातारी सांगते, की थोरल्या सुनेला मी कधी काही बोलले नाही. कावळा कठड्यावर मान वाकडी करून बसून राहतो. भाकरीचा तुकडा समोर आहे, त्याला चोच लावत नाही. ती तेच वाक्य पुन्हा म्हणते, जरा मोठ्याने. तो बसलेलाच. ती चिडते, आत जाते, भांडी आपटते, दुपारी परत येऊन बघते तर तुकडा तसाच आणि कावळाही तिथेच. आता ती पदराने तोंड पुसून पायरीवर बसली आहे. खरं काय झालं होतं ते तिला सांगायचं आहे, आणि पहिला शब्द तिला सापडत नाहीये. मला पण अजून सापडलेला नाही.