खाली काय आहे, असं तुम्ही विचारलंत म्हणून

मी जमवते ती रशियाची जुनी तांब्याची नाणी, तीही एका नाण्यावरच दुसरं पाडलेली. त्यावर प्रश्न दोन असतात. पहिला भावजयीपासून ऑफिसातल्या पोरांपर्यंत सगळे विचारतात, “एवढे पैसे घालून असलं चेपलेलं नाणं? धड नव्हतं का मिळालं?” याचं उत्तर द्यायचं मी सोडून दिलंय. दुसरा प्रश्न नाणी जमवणारेच विचारतात आणि तो झोंबतो. “खाली अमुकच नाणं आहे हे कशावरून? तुम्हाला तसं दिसतं म्हणून?” परवा आपल्या बैठकीत तो पुन्हा निघाला. सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन मात्र हे लिहायला बसले.

ठसा म्हणजे चित्र कोरलेला साचा, चकती म्हणजे त्याखाली ठेवायचा कोरा धातू, हे शिवराईवाल्यांना, म्हणजे शिवाजी महाराजांची तांब्याची नाणी जमवणाऱ्यांना, सांगायला नको. तुमच्या चकत्या ठशाहून लहान, म्हणून ‘श्री राजा शिव’मधला अर्धा ‘राजा’ बाहेर सांडलेला. उरलेल्या काना-मात्रेवरून तुम्ही अख्खी ओळ वाचता, तेव्हा तुम्हाला कुणी असं विचारत नाही. मग मी खालच्या नाण्यावर कोरलेल्या ढोलाच्या कडेवरून ढोल ओळखला तर एवढं काय आकाश कोसळलं?

असो. आधी हिशेब सांगते.

अठराव्या शतकातल्या रशियात एका पूदमधून, म्हणजे साधारण १६.३८ किलो तांब्यातून, किती रुबलची नाणी पाडायची ते सरकार ठरवायचं. पीटर द ग्रेटच्या शेवटच्या वर्षांत हा आकडा ४० वर गेला. तांबं त्या मानाने कितीतरी स्वस्त, त्यामुळे खोटी नाणी पाडणाऱ्यांची चंगळ झाली. महाराणी एलिझाबेथने १७५५ मध्ये तो ८ वर आणला, १७५७ मध्ये १६ केला. तिसऱ्या पीटरने १७६२ मध्ये दुप्पट करून ३२. त्याला जेमतेम सहा महिने मिळाले. बायकोनेच, म्हणजे कॅथरीनने, गादी घेतली आणि पुन्हा १६. दर वेळी नव्या चकत्या कोण करत बसणार? जुनं नाणं ठशाखाली ठेवायचं आणि त्याच्यावरच नवं पाडायचं.

आता २०.४८ ग्रॅमची एक चकती घ्या. १७२३ ते १७३० च्या नाण्यांत ती पाच कोपेक (शंभर कोपेकचा एक रुबल). १७५५ मध्ये तीच एक कोपेक, १७५७ मध्ये दोन, १७६२ मध्ये चार, १७६३ मध्ये परत दोन. तांबं गुंजभर वाढलं नाही की घटलं नाही. म्हणजे खालचा थर ओळखायला वजनकाटा कुचकामी, सगळ्या थरांचं वजन एकच. एवढी साधी गोष्ट कळायला मला दोन वर्षं लागली. तोवर मी दर नाणं घेऊन सोनाराकडे जात होते आणि तो बिचारा काही न बोलता तोलून देत होता.

माझा जीव मात्र मोठ्या नाण्यावर, पाच कोपेकवर. त्याला रशियन लोक प्याताक म्हणतात. ठरलेलं वजन ५१ ग्रॅमच्या आसपास. आपली दहा रुपयांची सहा-सात नाणी एकदम हातात घेतल्यासारखं. पहिला प्याताक मी तालिनला नोकरीला असताना तिथल्या जुन्या बाजारात घेतला. एलिझाबेथचे पाच कोपेक तिसऱ्या पीटरने दहा केले आणि त्या नाण्यावर ढोल, निशाणं असा सगळा लष्करी थाट कोरला. जमवणारे त्याला ढोलच म्हणतात. ते दहा कॅथरीनने पुन्हा पाच केले. त्यामुळे १७६३ च्या प्याताकात कधीकधी तीन माणसं एकमेकांच्या उरावर बसलेली असतात.

ओळखायचं कसं? दिवा डोक्यावरचा नको, बाजूचा, नाण्याला जवळजवळ टेकलेला. मग नाणं हळूहळू फिरवायचं. मधला भाग सोडून आधी कडेला बघायचं, तिथे वरच्या ठशाचा दाब कमी पडलेला असतो. एक काहीतरी पक्कं सापडलं पाहिजे: एखादा आकडा, अक्षराचा पाय, मुकुटाची कमान. मग खालच्या नाण्याचं चित्र त्या खुणेवर बसवून उरलेलं जिथे असायला हवं तिथे आहे का, ते तपासायचं. खालचं नाणं कुठल्याही कोनात असू शकतं, पालथंही. आणि एकाच ठशाचे दोन घाव सरकून पडलेले असले, तर ते एकावर एक पाडलेलं नाणं नव्हे. खाली जे दिसतंय ते वरच्या ठशात कुठेच असता कामा नये. नवखे इथेच फसतात. मीही फसले होते.

(पॉलचा प्रकार तर आणखी निराळा. १७९६ मध्ये पुन्हा पाचाचे दहा करणं सुरू झालं, त्याच वर्षी नोव्हेंबरात कॅथरीन गेली. मुलाने, पॉलने, ते थांबवलं आणि दहाचे परत पाच करायला आईचेच जुने ठसे काढले. वर १७९३, खाली १७९६. वरचं नाणं खालच्याहून जुनं! यावर माझे नातेवाईक म्हणतात, “मग खोटंच की.” आता काय बोलायचं?)

आता मूळ दुखण्यावर येते. सहा वर्षांपूर्वी मला १७६३ चा मॉस्को टांकसाळीचा एक प्याताक मिळाला, ४८.६ ग्रॅमचा. कॅथरीनच्या नावाच्या गुंफलेल्या अक्षराच्या डावीकडे, सनातल्या ७ च्या खाली, एक सरळ काठी आणि तिला लागून तीन तिरप्या रेघा. मी वहीत लिहिलं, “निशाणाची काठी, ढोलाच्या दोऱ्या. तिहेरी. नक्की.” ‘नक्की’खाली दोनदा रेघ. बैठकीत सांगून टाकलं. शिवराईवाले काका म्हणाले, “घेऊन ये, बघू.”

आदल्या रात्री मला वाटलं, रेघा थोड्या अजून उघड्या झाल्या तर बरं. नाणं साफ करायचं नसतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्यांना मीच ओरडून सांगायचे. पण आजीचं घंगाळ मी लहानपणापासून चिंचेने लख्ख केलेलं. वाटीत चिंच कोळली, चिमूटभर मीठ टाकलं, नाणं बुडवलं. दहा मिनिटं. बोटाने चोळलं, तशी काळपट-हिरवी साय पाण्यात उतरली आणि खालून गुलाबी तांबं वर आलं, नव्या तांब्या-पेल्यासारखं. काठी राहिली. रेघा गेल्या. त्या रेघा तांब्यात फारशा नव्हत्याच, खोलगट जागी साठलेल्या काळेपणामुळे दिसत होत्या. तो काळेपणा मी बेसिनमध्ये ओतला.

तरीही मी ते नाणं नेलं. का नेलं, अजून कळत नाही. काकांनी भिंग लावलं, खिडकीकडे वळले, नाणं फिरवत राहिले. बराच वेळ. मग भिंग न काढताच म्हणाले, “चिंच की लिंबू?”

“चिंच.”

“हं.” नाणं माझ्या हातात दिलं आणि दुसऱ्या कुणाच्या तरी दुदांडी शिवराईबद्दल बोलायला लागले. त्यांनी रागावायला हवं होतं.

माझ्याकडे आधीचे दोन फोटो आहेत, पिवळ्या बल्बखाली फोनने काढलेले. ते पाहून तालिनच्या एका ओळखीच्या जमवणाऱ्याने कळवलं की काठी म्हणजे एलिझाबेथच्या पाच कोपेकवरच्या पानांच्या माळेचा देठ असू शकतो आणि तिरप्या रेघा म्हणजे पानांच्या कडा. तसं असेल तर खाली एलिझाबेथच दिसतेय, पीटर त्या जागी पुसला गेला असेल किंवा कधी नव्हताच. मी देठाचं चित्र त्या जागी बसवून पाहिलं. बसतं. निशाणाची काठीही बसते.

तेव्हाच्या मला आता विचारावंसं वाटतं, ‘नक्की’खाली दोनदा रेघ कशाला? एक पुरली नसती? पण ती तरी काय म्हणेल? तीन वर्षं ढोल शोधत होते, तो दिसला. तुमच्या प्रश्नातली खोच मला कळते ती यामुळेच. मला तसं दिसतं म्हणून, हे उत्तर त्या एका नाण्यापुरतं खरं असेल. बाकीच्या चाळीसांपुरतं नाही, तिथे मी आकडा न् आकडा दाखवीन, कधीही या.

काकांनी मागच्या दिवाळीत तो फोटो स्वतःहून मागितला. उलटा धरून पाहिला, सुलटा पाहिला. म्हणाले, “मला तर दोऱ्या वाटतात, बाई.” ते माझी समजूत काढत होते की खरंच, ते विचारायचं धाडस झालं नाही.

मार्चमध्ये आणखी एक १७६३ घेतलाय. अजून कुणाला दाखवलेला नाही. कडेला ढोल आहेत, दोन. एक तर आहेच.